दीड वीत डावीकडे

चिनात्सु ओरिकासाला डोंगराच्या तिसऱ्या सोंडेवरची जागा मिळाली. पण ओतोफुनाई शिकारी संघाच्या नोंदवहीत तशी नोंद नाही, आणि जे नोंदवहीत नाही ते घडलेलंच नाही, असा संघाचा नियम आहे. तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलं नाही असं समजू आणि शनिवारच्या सकाळपासून सुरुवात करू. तेव्हा तिला काहीच मिळालेलं नव्हतं.

नाही म्हणायला एक पातेलं मिळालं होतं. रायफलचा परवाना हवा तर आधी दहा वर्षं छऱ्याची बंदूक सांभाळून दाखवावी लागते, आणि छऱ्याच्या बंदूकवाल्याने पातेलं बडवत, ठेंगण्या बांबूच्या रानातून हरणं वर हाकायची, ही संघाची रीत. दहा वर्षांत चिनात्सुने तीन पातेली फोडली. हरणं तिला ओळखू लागली होती. काही तर तिच्या ठेक्यावर चालायची. दहाही वर्षं तिने हाकलेली हरणं सरळ तिसऱ्या सोंडेवर जायची आणि तिथे बसलेल्या निएदा-सानना मिळायची. पहिल्या दोन सोंडांवर बसणाऱ्याला हरणाआधी सर्दी मिळते.

या वर्षी परवाना आला, रायफल आली, आणि चिनात्सुला दुसरं तिसरं काही नको होतं. तिसरंच हवं होतं.

त्यासाठी पाडणीतून जावं लागतं. हंगामाच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी चांदमारीच्या मैदानावर जमायचं, रायफल रिकामी करून गोळी आत ढकलणारा बोल्ट काढायचा आणि कमरेच्या उंचीवरून ती गोठ्यातल्या रबरी चटईवर पाडायची. एकदा डाव्या कुशीवर, एकदा उजव्या, एकदा थेट वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीच्या टाळूवर. ज्याने त्याने आपली आपण पाडायची, कारण दुसऱ्याच्या बंदुकीला बोट लावणंसुद्धा गुन्हा आहे. मग शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या. पाचही भोकं एका सेनबेईखाली झाकली गेली पाहिजेत. ही चकती तांदळाची असते, सोया सॉस लावून भाजलेली, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी. भोकं झाकली गेली तर माणूस वर बसणार, नाही तर पातेलं. ज्याची भोकं सगळ्यांत जवळजवळ, त्याला जागा निवडायचा पहिला मान. चिटणीस वाकुई-सान चकतीवर पेन्सिलीने खुणा करतात, अंतर मोजून वहीत लिहितात, शिक्का मारतात, आणि मग ती चकती ज्याची त्याने खायची. निकालाविरुद्ध आजवर एकही अपील झालेलं नाही. पुरावाच पोटात.

चिनात्सुची दुर्बीण दुकानातल्या खालून दुसऱ्या फळीवरची होती. साधी, जाड नळीची, हातात घेतली की कुलपासारखी वजनदार. ती बसवताना चिनात्सुने प्रत्येक स्क्रूवरचं तेल पुसलं, तो मोजूनमापून पिळला, आणि स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या कड्यापर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटणार. जूनपासून तिने स्वतःच्या गोठ्यात ती रायफल तीनशे बारा वेळा पाडली होती. पहिला आठवडा गाई माना वळवून बघायच्या. नंतर त्यांनीही विश्वास ठेवला.

"काय गं," निवृत्त दंतवैद्य हिरुमा वाकून म्हणाले, "रायफलीचं लग्न ठरलं वाटतं? नखं रंगवलीत ती."

"हो, डॉक्टर. तुमच्या दुर्बिणीला बोलावणार होते, पण ती पडली मोठ्या घरची."

"पडली नाही अजून."

"पडेल की. रांगेत पुढचा नंबर तुमचाच."

डॉक्टरांची दुर्बीण खरोखरच मोठ्या घरची होती. तेवढ्या पैशात छोटा ट्रक आला असता. ती वारा सांगे, उंची सांगे, तापमान सांगे, आणि आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे दोन भाषांत सांगे. डॉक्टरांनी ती अशी पाडली, जशी आयुष्यभर लोकांची कवळी ट्रेमध्ये ठेवली असेल. दुसऱ्या पडण्यानंतर दुर्बीण म्हणाली की आपण समुद्रात आहोत आणि तापमान शून्याखाली चारशे अंश आहे.

"थंडी आहेच आज," डॉक्टर म्हणाले आणि पडून गोळ्या झाडू लागले.

दोन गोळ्या कागदावर लागल्या, दोन लाकडी चौकटीत, पाचवी मागच्या वाळूच्या ढिगात. वाकुई-सानांनी चकती हातात घेतली, कागदाकडे बघितलं, आणि पातेलं पुढे केलं.

"चटई खराब आहे," डॉक्टर म्हणाले. "ही नक्की एखाद्या तापट गाईखालची आहे."

मग चिनात्सु. तिने डावीकडे पाडली, उजवीकडे पाडली, टाळूवर पाडली. आवाज गोठ्यातल्यासारखाच आला. खाली बसून एकेका रेघेवर नजर फिरवली. एकही तुटलेली नव्हती. ती आडवी झाली आणि पाच गोळ्या झाडून उठली. भोकं कागदाच्या मधोमध होती आणि चकतीखाली अर्धी जागा उरली होती.

"दोन बोटं," वाकुई-सानांनी लिहिलं. "आजची सगळ्यांत कमी." शिक्का मारला. चिनात्सुने चकती खाल्ली. पेन्सिलीसकट.

आता फक्त निएदा-सान उरले. ते संघाचे प्रमुख, वय एकोणऐंशी. त्यांना पाडणी माफ होती, कारण त्यांच्या दुर्बिणीची पाडणी एकदाच आणि कायमची झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची रायफल तिसऱ्या सोंडेवरून सुटली, खडकावर आपटत खालच्या ओढ्यात जाऊन पडली. दुर्बीण फुटली नाही, धुकं धरलं नाही, आणि तेव्हापासून आजपर्यंत केसभरही हललेली नाही. तिचा नेम सरकवायच्या स्क्रूंवरची टोपणं गंजून चिकटली होती. निएदा-सान ती लोकांना अभिमानाने दाखवत. लांबून.

"चला, चहा घेऊ," ते म्हणाले. "तिसऱ्या सोंडेवर मी. नेहमीसारखं."

"निएदा-सान," चिनात्सु म्हणाली, "एकदा तुमचीही पाडा ना."

मैदानावर अशी शांतता पसरली की डॉक्टरांच्या दुर्बिणीने हळू आवाजात 'उत्तर' म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"पोरी, ही दुर्बीण तुझ्या आधीपासून पडतेय."

"म्हणूनच म्हणते. तिला कशाची भीती?"

"भीती!" म्हातारा फुरफुरला आणि चटईवर जाऊन उभा राहिला. डावी कूस, उजवी कूस, टाळू. शेवटच्या वेळी तर कमरेऐवजी छातीच्या उंचीवरून. मग आडवे पडून, श्वास सोडत, एकेक करून पाच गोळ्या. त्या वयातही खांदा हलला नाही. सगळे कागदाकडे गेले.

कागद कोरा होता.

वाकुई-सानांनी चष्मा पुसला. डॉक्टरांनी कागदाच्या मागे बघितलं. शेवटी चिनात्सुला सापडलं. कागदापासून लांब, डावीकडच्या लाकडी चौकटीत एक भोक होतं. नीट बघितलं तर एकात एक पाच. सोयाबीनचा दाणा ठेवला असता तर सगळी झाकली गेली असती. डॉक्टरांनी हाताने मोजलं. कागदाच्या मध्यापासून दीड वीत.

"चाळीस वर्षांपूर्वी पडली तेव्हाच हलली असणार," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर मात्र खरंच हललेली नाही."

"आणि हरणं?" वाकुई-सानांनी विचारलं. "इतकी वर्षं तुम्ही हरणं पाडता ती कशी?"

निएदा-सान बुटांकडे बघत होते. "हरणाचं तोंड डावीकडे असलं तर पोटावर धरायचं, मग लागते खांद्यामागे," ते म्हणाले. "उजवीकडे असलं तर छातीपुढच्या हवेत धरायचं. सवय होते हाताला."

"मग आज काय झालं?"

"कागदाला तोंड कुठे असतं?"

वाकुई-सानांनी नियमांची वही उघडली. भोकं एका चकतीखाली झाकली गेली पाहिजेत, एवढंच लिहिलं होतं. चकती कुठे ठेवायची ते नव्हतं. त्यांनी चौकटीवर चकती धरली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि घसा खाकरला. "नियमाने निएदा-सान पहिले. एक दाणा विरुद्ध दोन बोटं."

चिनात्सुचा चेहरा पडला, पण तो कुणी चटईवर मोजला नाही. तीनशे बारा वेळा पाडून तिने शिकलेली गोष्ट एवढीच होती, की भरवशाची वस्तू रोज त्याच जागी असते. आणि निएदा-सानांची दुर्बीण रोज त्याच जागी होती. फक्त ती जागा चुकीची होती. वाद घालायला जागाच नव्हती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "हलली नाही म्हणजे नाही. मी बसते पहिल्या सोंडेवर. रुमाल जास्तीचे आणते."

वाकुई-सानांनी चकती निएदा-सानांच्या हातावर ठेवली आणि अंतर लिहायला पट्टी शोधू लागले. निएदा-सानांनी चकतीकडे बघितलं. चिनात्सुकडे बघितलं. मग चकती तोंडात टाकली.

"अहो!" वाकुई-सान ओरडले. "अजून मोजली नव्हती! शिक्का नाही मारला!"

"भूक लागली होती," निएदा-सान चावता चावता म्हणाले.

"आता नोंद काय करू?"

"काहीच करू नका. पुरावा नाही, तर पाडणी नाही. पाडणी नाही, तर पातेलं." त्यांनी डॉक्टरांच्या शेजारचं रिकामं पातेलं उचललं. "उरलेल्यांत पहिली कोण?"

चिनात्सुने मान खाली घालून, कमरेतून वाकून इतका वेळ नमस्कार केला, की डॉक्टरांना वाटलं तिची पाठ धरली. वहीत वाकुई-सानांनी गेल्या वर्षीचीच ओळ परत लिहिली: तिसरी सोंड, निएदा. दुसरं काही लिहायला कागदपत्र नव्हतं.

रविवारी उजाडताच ती चढू लागली. रात्री बर्फ भुरभुरलं होतं. शेवटच्या वळणावर बुटाखालची बांबूची पानं सरकली, ती गुडघ्यावर आपटली आणि रिकामी रायफल खांद्यावरून निसटून खडकावर पडली. टाळूवर. दोन कोलांट्या घेऊन थांबली.

चिनात्सु तिथेच बसली. नळीवर पांढरा ओरखडा उठला होता. तिने हातमोजा काढला आणि एकेक रेघ बोटाने तपासली. पहिली अखंड. दुसरी अखंड. तिसरी, चौथी. काच स्वच्छ. "तीनशे सोळा," ती स्वतःशी म्हणाली, बर्फ झटकला आणि वर जाऊन बसली. मनात शंका आली नाही असं नाही. आली, बघून गेली. गाईंसारखी.

खालून पातेली सुरू झाली. डॉक्टर नेमस्त वाजवत होते. निएदा-सान मात्र चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पातेल्यावर होते आणि त्यांना ताल असा नव्हताच. हरणं गोंधळून थांबत, मागे वळून बघत. अखेर एक मोठा नर बांबूतून बाहेर आला, शंभर पावलांवर आडवा उभा राहिला. तोंड उजवीकडे. चिनात्सुने गोळी भरली. काचेतली बारीक फुली तिने हवेत धरली नाही, पोटावर धरली नाही. खांद्यामागे धरली.

नर उभ्या जागी बसला आणि आडवा झाला. तिने थांबून, हात जोडून डोकं टेकवलं, मग रायफल रिकामी केली.

अर्ध्या तासाने निएदा-सान धापा टाकत वर आले. पातेल्याला पोचा पडला होता. ते हरणाशेजारी उकिडवे बसले.

"नेम कुठे धरलास?"

"खांद्यामागे."

"लागली कुठे?"

"खांद्यामागे."

त्यांनी पातेल्याच्या पोच्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे मध्ये काहीच करावं लागत नाही?"

"नाही. निएदा-सान, दोन मिनिटांचं काम आहे. टोपणावर थोडं तेल सोडा, स्क्रू तुमचा तुम्हीच फिरवा, मी लांबून सांगते. पुढच्या रविवारी तुम्ही बसा इथे."

"आणि तू?"

"मी पातेलं घेते. एक दिवस. तुम्ही वाजवलंत तर हरणं गाव सोडून जातील."

म्हातारा हसला, पण मान हलली ती नकारानेच. "चाळीस वर्षं हलली नाही ती, पोरी. ओढ्यात पडून हलली नाही, काल पडून हलली नाही. आता काय मी माझ्या हाताने हलवू?"

सोमवारी नगर कार्यालयाच्या खिडकीत एक अर्ज आला. सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत.

"प्रति, नकाशा विभाग. विषय: डोंगराची तिसरी सोंड. महोदय, सदर सोंड शिकारीच्या दृष्टीने सुमारे दीड वीत चुकीच्या जागी असल्याचे दिनांक सातच्या चाचणीत आढळून आले आहे. अर्जदाराच्या दुर्बिणीत कोणताही दोष नाही, हे सोबत जोडलेल्या चौकटीच्या तुकड्यावरून स्पष्ट व्हावे. तरी पुढील रविवारपूर्वी सदर सोंड, तीवरील हरणांसह, दीड वीत डावीकडे सरकवण्यात यावी, आणि काम पूर्ण झाल्याचे लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती. निएदा तोकुझो." खाली लाल शिक्का होता, किंचित डावीकडे.