जिथे बर्फ पेलत नाही

कालव्यावरचा बर्फ माणसाला पेलेल की नाही, हे गावात एकच माणूस सांगत असे, आणि त्या माणसाच्या तोंडी 'बहुतेक' हा शब्द कधी येत नसे. विब्रनने चौतीस वर्षे शहरातल्या नामवंत हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवले होते. तो मोजल्याशिवाय बोलत नाही, अशी त्याची ख्याती होती. म्हणून निवृत्त होताच स्केटिंग मंडळाने बर्फ तपासण्याचे काम त्याच्या गळ्यात घातले. आता थंडीने चांगलीच पकड घेतली होती. शाळेतली पोरे येता-जाता त्याच्या खिडकीशी रेंगाळत, कारण त्याने मंडळाच्या शेडवर नारिंगी झेंडा चढवला, की दुसऱ्या दिवशी शाळेला बर्फाची सुट्टी मिळे.

त्या आठवड्यात मात्र त्याच्याकडे आणखी एक निकाल मागितला जात होता, आणि तो त्याने न मोजताच देऊन टाकला होता.

"मार्टनची सही नसेल तर डॉक्टर उपचार सुरू करू शकत नाहीत," त्याची मुलगी सित्स्के स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच म्हणाली. "आणि मार्टन म्हणतो, आधी सरांना काय वाटतं ते सांग. घटस्फोट त्याचा माझ्याशी झालाय, बाबा, तुमच्याशी नाही."

मार्टन हा विब्रनचा जुना विद्यार्थी, मग जावई, आणि आता नऊ वर्षांच्या यिकाचा अर्ध्या आठवड्याचा बाप. डॉक्टरांनी यिकाला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि हालचाल आवरता न येण्याचा आजार, असल्याचे सांगितले होते.

"मला काय वाटतं ते मी लपवलेलं नाही," विब्रन म्हणाला. "रक्त तपासून हा आजार दिसत नाही. एका गावात सापडतो, शेजारच्या गावात सापडत नाही. वर्गात जी मुलं वयाने सगळ्यात लहान असतात, त्यांच्यावर हे नाव जास्त चिकटतं. लहान असणं हा आजार नव्हे."

"यिका जानेवारीतली आहे. वर्गात तिच्याहून मोठं कोणी नाही."

विब्रनने कॉफी ओतली.

"चौतीस वर्षांत माझ्या वर्गात असं एकही मूल नव्हतं," तो पुढे म्हणाला. "आणि तिला चित्र काढायला बसव, तासभर मान वर करत नाही. हवं तेव्हा जिला बसता येतं, तिला न बसण्याचा आजार कसा असेल?"

"ती बसत नाही, बाबा. चित्र तिला धरून ठेवतं." सित्स्केने कप तसाच ठेवला. "काल शाळेतून आली आणि मला विचारलं, आई, मी वाईट आहे का? रडत नव्हती. वेळ काय झाली असं विचारावं, तसं विचारलं. बुधवारी दुपारी ती तुमच्याकडे आहे. मार्टन तिला न्यायला शेडवरच येईल. काय सांगायचं ते त्याला तेव्हा सांगा. मी आता कोणाच्या पाया पडणार नाही."

बुधवारी शाळा अर्धाच दिवस असते. शेडमध्ये मंडळाचा खजिनदार हिल्के वाटाण्याचे सूप ढवळत होता. त्याने यिकाकडे पाहिले आणि डाव हवेतच थांबवला.

"मास्तर, नवी मदतनीस? हिच्या नावाने म्हणे डॉक्टरांनी मोठं चार अक्षरी लचांड काढलंय. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. एक कानाखाली, की पोरगं सरळ."

"तू झालास सरळ?"

"माझं सोड. मला दोन लागायच्या."

यिका हसली. तिने तोवर दाराची कडी दोनदा उघडून लावली होती, स्केट्सची पेटी चाचपली होती आणि आजोबांचा ड्रिल उचलून पाहिला होता.

विब्रनने मनाशी एक चाचणी आखली होती. इच्छा पुरेशी असेल, तर मूल थांबेल. आणि थांबले, तर डॉक्टर चुकले. यिकाला सर्वांत जास्त काय हवे, हे शोधावे लागले नाही. शेडच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या झेंड्याकडे ती आल्यापासून बघत होती.

कालव्याच्या मध्यावर त्याने पहिले भोक पाडले. बर्फ काळा आणि घट्ट होता, अकरा सेंटिमीटर. त्याने मोजकाठी भोकात उभी केली.

"ही धरायची. भोकातलं पाणी बर्फावर चढतं का, ते बघत राहायचं. चढलं तर बर्फ वाकतोय असं समजायचं. मी त्या वळणावर दुसरं भोक पाडून येईपर्यंत इथून हलायचं नाही. जमलं, तर आज झेंडा तू चढवायचास."

"मी?"

"तू."

"नाही हलणार, आजोबा. पाय चिकटवूनच ठेवते." तिने दोन्ही बूट जुळवले, काठी दोन्ही हातांनी धरली आणि श्वासही रोखला.

विब्रनने वळणावरून मागे पाहिले, तेव्हा ती तशीच उभी होती. ओठ हलत होते. बहुधा स्वतःलाच बजावत होती. तो ड्रिलवर वाकला. पुन्हा मान वर केली, तेव्हा काठी बर्फावर आडवी पडली होती आणि यिका पुलाच्या दिशेने चालली होती. तिथे बोरूच्या झुडपाशी बदकांनी पोहत राहून पाणी गोठू दिले नव्हते. त्याने हाक मारली. तिने वळूनही पाहिले नाही. दुसरी हाक बर्फ तडकल्याच्या आवाजात विरली, आणि यिकाचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला.

काठालगत पाणी उथळ होते, हे त्याला ठाऊक होते. तरी तो धावतच तिथवर गेला. तो पोटावर झोपला, ड्रिलचा दांडा पुढे सरकवला आणि तिला ओढून घेतले.

"मी थांबले होते," ती दात वाजवत म्हणाली. "खरंच थांबले होते. मग त्या बदकाच्या पायाला काहीतरी अडकलंय असं दिसलं, आणि मग मी तिथे होते. मधलं मला माहीतच नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, "झेंडा आता नाही ना?"

खोटे बोलणारा विद्यार्थी विब्रनला खुर्चीवरून न उठता ओळखू येई. ही खोटे बोलत नव्हती. ज्या गोष्टीवर तिचा जीव होता, तीच त्याने तिच्यापुढे ठेवली होती, आणि इच्छा कुठेही कमी पडली नव्हती. चाचणी त्याने स्वतः आखली होती. निकाल आवडला नाही म्हणून ती रद्द करता येत नव्हती.

शेडमध्ये हिल्केने तिचा मोजा शेगडीवर वाळत घातला आणि तिच्या हातात सुपाचा वाडगा दिला. विब्रन भिंतीवरच्या नकाशावर आजचे आकडे टाकत होता. यिकाचे बोट त्याच्या कोपराखालून पुढे आले.

"इथे पुलाखाली काहीच का नाही लिहिलं?"

"तिथे मी भोक पाडत नाही."

"का?"

"भोक पाडायला उभं राहावं लागतं. जिथे बर्फ पेलत नाही, तिथे मी उभाच राहू शकत नाही. मग मोजणार कसा?"

"म्हणजे नकाशात सगळा चांगलाच बर्फ दिसणार."

"म्हणून तर कोऱ्या जागेवरून काही ठरवायचं नसतं. जिथे मोजलं नाही, तिथे..."

वाक्य अर्ध्यावरच राहिले. यिकाचे लक्ष केव्हाच सुपातल्या सॉसेजकडे गेले होते. विब्रन मात्र नकाशासमोर उभाच राहिला.

बाराव्या वर्षी मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, हे या देशात इतके नेहमीचे होते की त्याने त्याचा कधी हिशेबच केला नव्हता. मुख्याध्यापक सल्ला देतात. काही मुले त्याच्या उंच खिडक्यांच्या हायस्कुलात येतात, बाकीची कालव्यापलीकडे हातकाम शिकवणाऱ्या कामशाळेत जातात. ज्याला बसवत नाही, ज्याची वही हरवते, जो प्रश्न संपण्याआधी उत्तर देतो, तो विब्रनच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच चाळला गेलेला असे. त्याला डाउवे आठवला. लहानपणी गावच्या शाळेत विब्रनच्या शेजारी बसणारा डाउवे, हात हलू नयेत म्हणून स्वतःच्या तळहातांवर बसायचा. बाराव्या वर्षी तो पलीकडे गेला. त्याला पलीकडेच पाठवायला हवे होते का, हा प्रश्न विब्रनच्या मनात कधी आलाच नव्हता.

यावरून एडीएचडी सिद्ध होत नव्हते. एवढेच ठरत होते, की 'माझ्या वर्गात असे मूल नव्हते' हा पुरावा नव्हता.

मार्टन आला तो थेट ओल्या बुटाकडे बघत.

"पाण्यात गेली? सर, हेच मी सित्स्केला सांगत असतो. कोणी धाक लावत नाही, आणि वर आजाराचं नाव. तुम्हीच म्हणाला होतात, तुमच्या वर्गात असं कोणी नव्हतं."

"बाहेर ये जरा," विब्रन म्हणाला.

दोघे काठावर उभे राहिले.

"तुझ्या गावच्या शाळेतून आमच्याकडे किती जण आले होते, मार्टन?"

"आम्ही तिघं."

"बाकीचे का आले नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. पेलणाऱ्या बर्फावर भोकं पाडली आणि सगळा कालवा सुरक्षित आहे म्हणून सांगितलं. ते विधान मी मागे घेतो."

मार्टनला सरांच्या तोंडून असे काही ऐकण्याची सवय नव्हती. त्याने हात खिशात घातले. "म्हणजे हे खरं असतं?"

"काही मुलांना हे नाव चुकून लावलं जातं, हे मी उद्याही म्हणेन. पण काहींना चुकून, म्हणून यिकालाही चुकून, असं तू परीक्षेत लिहिलं असतंस तर मी शून्य दिलं असतं. आज मी तिला हवी ती गोष्ट देऊ केली होती. हवं असणं पुरलं नाही. मी तिला एक दुपार पाहिलं. डॉक्टरांनी शाळेत, घरी, कितीतरी वेळा पाहिलंय. त्यांचं मोजमाप माझ्याहून जास्त आहे."

"आणि औषधाने बिघडलं तर?"

"तर थांबवायचं. झेंडा चढवला म्हणून मी भोकं पाडणं बंद करतो का? बर्फ रोज मोजतात."

मार्टनने खिशातून हात काढले. मग आत गेला, यिकासमोर गुडघ्यावर बसला आणि तिचे पाऊल हातात घेतले.

"अजून गार आहे?"

"एकच." तिने त्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. "बाबा, मी मुद्दाम नाही केलं."

"माहितीये." तो अडखळला, कारण हे त्याला आत्ताच माहीत झाले होते. "आईला मी फोन करतो. सही कुठे करायची, तेही विचारतो."

"कसली सही?"

"तुला थांबायचं असेल, तेव्हा थांबता यावं म्हणून."

यिकाने विचार केला. "चालेल," ती म्हणाली आणि उरलेले सूप प्यायली.

मधला बर्फ पुरेसा होता; पुलाची बाजू मात्र बंद करायला हवी होती. विब्रनने फांद्यांची मोळी आणली. पूर्वी त्याने मोळी तिच्या हाती देऊन सगळी सूचना एका दमात दिली असती. आता त्याने एकच फांदी दिली.

"त्या खांबापाशी ठेवायची आणि परत यायचं. बाबा तिथेच उभा आहे. मग दुसरी."

ती धावली, आली, पुन्हा धावली. चौथ्या फेरीला तिचा एक हातमोजा नाहीसा झाला होता; हिल्केने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, विब्रनकडे पाहिले आणि पाव कापायला घेतला. फांद्यांची रांग वाकडी आली, पण पुलापाशी कोणी जाणार नाही इतपत पुरेशी झाली.

मग विब्रनने झेंड्याची दोरी तिच्यापुढे धरली.

"पण मी हलले होते."

"बर्फ पेलतो म्हणून झेंडा चढतो, यिका. बक्षीस म्हणून नाही. अट मी घातली होती, आणि ती चुकीची होती."

तिने दोरी ओढली. झेंडा अर्ध्यावर आला, तोच बांधावरून शाळेतली पोरे ओरडत धावत येताना दिसली, आणि यिका दोरी सोडून शेडच्या कठड्याशी पळाली. झेंडा घसरू लागला. मार्टनने हात पुढे करून दोरी धरली, तशीच ताणून ठेवली आणि ती परत येईपर्यंत वाट पाहिली.

ती परत आली.