पाचशे तीस पावलं

"अगो, पाय उचल जरा. तुझ्यामुलं नंबर जायचा आपला."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरही भिकाजींची कुरकुर चालूच होती. वर्षभर सगुणाबाई त्यांच्या मागे रेंगाळत चालत होत्या, म्हणून तर त्यांनी बायकोला रत्नागिरीत चालण्याच्या तपासणीला आणलं होतं.

भिकाजींचा जन्म जमीनमोजणीच्या खात्यात साखळी ओढण्यात गेला. साखळी पसरायच्या आधीच ते बांध पावलांनी मोजून आकडा सांगत आणि साहेब मान डोलवत. घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चारशे दहा पावलं. गेल्या वर्षी ती पाचशे तीस भरू लागली, तेव्हा नव्या काँक्रीटच्या रस्त्याला वळसा दिलाय अशी त्यांनी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार केली. पाऊल चुकेलच कसं?

तपासणी करणाऱ्या नम्रताने सगुणाबाईंच्या घोट्यांना पट्ट्याने चाल टिपणाऱ्या लहान डब्या बांधल्या.

"आजी, दहा मीटर. एकट्या चाला."

सगुणाबाई पदर खोचून निघाल्या आणि भिकाजी बघतच राहिले. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून जावं तशी ती बाई भरभर गेली.

"आजी ठणठणीत आहेत. आजोबा, तुम्हीही चालता? निरोगी माणसांच्या नोंदी हव्या असतात आम्हाला."

"चालाय काय झाला?" भिकाजी ऐटीत उठले.

नम्रताने त्याच डब्या बांधून त्यांना दोनदा चालायला लावलं. मग ती संगणकाच्या पडद्याकडे बघत हळू म्हणाली, "आजोबा, उजवा हात हलतच नाही तुमचा. पाऊल आखूड पडतंय. कंपवाताची सुरुवात असू शकते. आजच डॉक्टरांना दाखवू या."

भिकाजी बाकावर बसले. हात तर कापत नव्हता, मग कंप कसला? आणि रस्ता? रस्ता वाढलाच नव्हता. ज्या पावलांच्या जिवावर सगळा जन्म मान ताठ ठेवली, ती वर्षभर त्यांना फसवत होती.

"तुला ठाव होता?" त्यांनी बायकोला विचारलं.

"व्हय. म्हनून तर आली हितं. म्हटला, तुमालाबी कोन तरी बगल."

"मग मागं कशाला ऱ्हायचीस?"

"फुडं गेली असती, तर तुमाला कलला असता."

संध्याकाळी गावच्या थांब्यावर उतरल्यावर भिकाजींनी सवयीने पावलं मोजायला घेतली. चाळीसवर येऊन त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"सगुणा, तू फुडं हो."

त्या पुढे झाल्या. दहा-बारा पावलं भरभर गेल्या, मग थांबून चपलेतला खडा शोधू लागल्या. भिकाजी जवळ पोचेपर्यंत तो काही त्यांना सापडला नाही.