दोन सदरे

माझे वडील, अप्पा, दवाखान्यात यायला तयार नव्हते, आणि मला त्यांच्या खाण्याची धास्ती बसली होती. महिनाभर अर्धी भाकरी, तीही आमटीत बुडवून. विचारलं की एकच उत्तर, माका काय एक झाला नाय. दिसायलाही तसे बरे दिसायचे. खांदे भरलेले, पोट जागेवर. मग मी स्वतःची समजूत घालायची आणि तासाभराने पुन्हा त्यांच्याकडे बघायची.

त्यात माझा राग वेगळाच. सत्तरीचा माणूस, लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतून निघून फार तर नाक्यापर्यंत जाणार, आणि रोज धुवायला दोन सदरे. गिरणीचे मालक गेले, आता तुम्ही मालक झालात का, असं मी एकदा सुनावलंच. दुसऱ्या दिवसापासून एक सदरा ते स्वतःच धुऊन गॅलरीत वाळत घालू लागले.

माझं काम कोंबड्यांचं, पण घरबसल्या. शहापूरकडे शेडच्या छताला कॅमेरे लावलेत. वरून फोटो निघतो आणि कोंबडी किती जागा व्यापते यावरून कॉम्प्युटर तिचं वजन सांगतो. पकडायला नको, काट्यावर घालायला नको. आठवड्यातून एकदा शेडवरचा कुशाबा थोड्या कोंबड्या खरोखर तोलतो आणि मी दोन्ही वजनं ताडून बघते. त्या आठवड्यात तीन नंबरच्या शेडचं काही जुळेना. कॅमेरा म्हणे दोन किलो, काटा म्हणे एक किलो सहाशे. आधीच डोकं फिरलेलं, मी कुशाबाला फोन लावून झापलं. काटा पूस, पुन्हा तोल.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काटा बरोबर आहे, ताई. त्या आजारी आहेत. आजारी कोंबडी पिसं फुलवून बसते, वरून गुबगुबीत दिसते. हात घातला की नुसतं छातीचं हाड लागतं."

मी फोन ठेवला. समोर गॅलरीत अप्पांचा सदरा वाळत होता, आणि दुसरा मी सकाळी बादलीत भिजवलेला होता.

आई होती तेव्हा दर गणपतीत एक गोष्ट सांगायची. ब्याऐंशीच्या संपात अप्पा निम्मे झाले होते. गावी जायचं तर आयेला, म्हणजे माझ्या आजीला, कळू नये, म्हणून एकावर एक दोन सदरे चढवून एसटीत बसले. आजीने बघितलं आणि म्हणाली, मुंबई मानवली माझ्या झिलाक. इथे आम्ही सगळे हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते माझ्यासारखीलाच.

अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. मे महिना, पंखा जोरात, आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी वरची दोन बटणं काढली. आत आणखी बटणं होती. तीही काढली आणि हात घातला. फासळ्या लागल्या, एकेक मोजता येईल अशा.

"किती दिवस, अप्पा?"

"तू घाबरतलंस म्हणान," ते म्हणाले. मग पेपरची घडी घालत बसले. घडी बाजूला ठेवून म्हणाले, "आयेक तेवाच कळला होता. पाठीवरसून हात फिरवल्यान नि गप रवली. माका वायट वाटात म्हणान."

आईच्या गोष्टीत हे कधीच नव्हतं. तिला ठाऊकच नसणार.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला. लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. त्यांच्या अंगावरचा वरचा सदरा उतरवला, चपला पायाशी आणून ठेवल्या आणि म्हटलं, मी काही गप्प राहायची नाही, उठा.

ते उठले. जिन्यात त्यांनी माझा हात धरला, आणि त्या धरण्याला काही वजनच नव्हतं.