बाबांच्या मानेचा दावा

रक्त नाही, टाके नाहीत, हाड मोडलेलं नाही. अशा माणसाला कोल्हापुरात कोणी आजारी म्हणत नाही. माझे बाबा, पिराजी फेटेवाले, जयसिंगपूरच्या लग्नात फेटे बांधून भाड्याच्या गाडीनं परत येत होते. गाडी सिग्नलला उभी असताना मागून ट्रकनं ठोकलं आणि बाबांच्या मानेला एकच हिसका बसला. खाली उतरून त्यांनी ट्रकवाल्याला चार शिव्या घातल्या आणि घरी येऊन पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं बधिर झाली.

डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दबलीय, ऑपरेशन लांबवलं तर हात कायमचा जाईल. एका सकाळी दीडशे डोकी बांधणारा हात. ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लावला. कसबा बावड्यातली आमची गल्ली हसली. मान लचकल्याची भरपाई मिळत असेल तर आमच्या म्हशीलाही मिळवून द्या, असं एक शेजारी म्हणाला. त्याला काय सुनवायचं ते मी तोंडावर सुनवलंय.

आमच्या वकील संयोगिताताईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. गळ्याचा पट्टा काढायचा नाही आणि अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही. यातली दुसरी बाबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

असाच एक अनोळखी माणूस मला आधी पानपट्टीपाशी दिसला. दुसऱ्या दिवशी दूध डेअरीसमोर उभा होता. पिराजी अजून लग्नाच्या ऑर्डरी घेतात का, असं त्यानं तिथं दोघांना विचारलं होतं. मला काळजी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. नाव हंबीरराव, परवा लग्न, नवरा मुलगा मीच, असं त्यानं सांगितलं. बाबांनी या की पावणं म्हणून खुर्ची पुढं केली आणि मला चहा टाकायला लावला.

मला तो बघताक्षणी आवडला नाही. परवा लग्न असलेला माणूस एकटा फिरत नाही, त्याच्यामागं निदान एक वैतागलेला मामा असतोच. शिवाय बोलताना तो बाबांच्या तोंडाकडे बघत नव्हता, हातांकडे बघत होता. शर्टाच्या खिशात मोबाईल होता, अर्धा वर आलेला. मी सांगितलं की बाबांचा हात चालत नाही, दुसरीकडे बघा. तो म्हणाला, थोरल्या भावाला तुम्हीच बांधला होता, आईचा हट्ट आहे, एकदा माझ्या डोक्यावर बांधून दाखवा.

मी बाबांना डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. लग्नघरच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. ते उठले आणि गळ्याचा पट्टा सोडायला लागले.

“बाबा, पट्टा राहू दे.”

“नवऱ्या मुलाच्या डोक्याला असला दवाखाना गळ्यात घालून हात लावत्यात व्हय? अपशकुन हाय त्यो.”

चार मिनिटांत फेटा बांधून झाला. पाहुणा लगेच उठला आणि निघाला. आरसा न मागणारा नवरा मी आजवर पाहिलेला नाही. तो गेल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना पाण्याचा तांब्या धरता आला नाही. त्याचं शूटिंग करायला मात्र कोणी थांबलं नव्हतं.

पाच महिन्यांनी कंपनीच्या वकिलानं कोर्टात त्या खिशातल्या मोबाईलवरची तीच चार मिनिटं दाखवली. न्यायाधीशांनी विचारलं, हे तुम्हीच का? बाबा म्हणाले, व्हय, मीच. मग वकिलानं पिशवीतून फेट्याचं कापड काढलं आणि म्हणाला, साहेबांसमोर स्वतःच्या डोक्याला बांधून दाखवा. ताईंनी हरकत घेतली, पण बाबांनी कापड हातात घेतलंसुद्धा. पट्टा तेवढा ताईंनी काढू दिला नाही. दोन वेढे झाले की सोडून द्या, असं त्यांनी बाबांच्या कानात सांगितलेलं मी ऐकलं.

“फेटा खोटा बांधायचा न्हाय, ताई.”

मी त्यांच्या लगेच मागच्या बाकावर होते. बाबांचा हात चुकू दे, असं मी देवाकडे मागितलं. माझी मलाच लाज वाटली, तरी मागितलं.

पहिला वेढा घट्ट बसला. दुसराही बसला, आणि वकील हसायला लागला. तिसऱ्या वेढ्याला कापड बोटांतून सुटलं आणि खांद्यावरून खाली घसरलं. बाबांना ते कळलंच नाही. पट्ट्यामुळं खाली बघता येत नव्हतं आणि बोटांना कापड आहे की नाही ते समजत नव्हतं. रिकामे हात डोक्याभोवती फिरत राहिले. त्यांनी चुण्या दाबल्या, तुरा वर ओढला, शेमला पाठीवर सोडला. डोक्यावर दोनच वेढे होते, बाकी सगळं कापड पायाशी पडलं होतं. वकिलाचं हसणं थांबलं.

बाबांनी मला शोधलं.

“अनू, बसला का गं बरोबर?”

सगळं कोर्ट माझ्याकडे बघत होतं.

“बसलाय, बाबा.”

“मग? चालतोय की हात माझा,” बाबा न्यायाधीशांना म्हणाले.

टायपिस्ट ते वाक्य टाइप करायला लागला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. भरपाई मिळणार हे मला तिथंच कळलं. हाताचं बाबांना कोणी सांगायचं, हे कळत नव्हतं.