बिनफोडणीचं वरण

बद्रीनाथ येणार म्हणून आईने सोमवारपासून घरात फोडणी घालू दिली नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. पूर्वी देवी आलेल्या घरात हेच करायचे, कारण कढत्या तेलाची चरचर देवीला सोसत नाही. आईच्या मते लस म्हटली की देवीच, मग ती कशावरचीही असो. पांचट वरण गिळून बाबा वैतागले होते. पण आईपुढे कोण बोलणार?

बद्रीनाथ माझा धाकटा भाऊ, पुण्याला प्रयोगशाळेत नोकरीला. काम एकच, हत्तीपायावर लस शोधायची. आष्टीतल्या आमच्या गल्लीत असे पाय बऱ्याच घरांत होते आणि त्यात माझा उजवा पाय पहिल्या नंबरचा. तो पाय बघून नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं, ते कायमचंच. गोळ्या मिळायच्या. त्यांनी रक्तातले बारीक जंतू मरायचे, पण सुजलेला पाय काही मूळ जागेवर यायचा नाही आणि डास कुठे जाणार होते?

माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला लस हवी होती ती उषासाठी. माझी लेक, अकरा वर्षांची. तिला न्हाऊ घालताना मी केसांच्या आधी पावलं चाचपायची. ती खिदळायची, मला मात्र धडकी भरलेली असायची.

बद्री आला की मी त्याला गाठायचीच. "झाली का रे तुझी लस? उषाचं लग्न होऊन जाईल तवर!"

"अक्का, देवीचा रोग चोरावानी यायचा," तो सांगायचा. "शरीर जागं व्हायचं, त्याला बडवायचं, त्याचं थोबाड ध्यानात ठेवायचं. हा जंतू घरजावयावानी येऊन बसतो. वर्षानुवर्षं राहतो. आपल्या शरीरालाच पटवून देतो, मी तुमच्यातलाच हाये म्हणून. मंग लढायचं कोणी?"

"तुम्ही इतके शिकलेले लोक काय करून राह्यले मंग?"

"डोकं फोडून राह्यलो. माणसातला हा जंतू उंदराच्या अंगात जगतच न्हाई. म्हणून त्या जंतूच्या चुलतभावावर लस करून बघावी लागते. उंदरात जमली म्हणून नाचलो, माकडात बिलकुल चालली न्हाई."

एकच गोष्ट त्याला धीर देत होती, ती म्हणजे आमची आई, साळूबाई. त्याच घरात, त्याच डासांत तिचा जन्म गेला, पण तिचं रक्त दर वेळी स्वच्छ निघायचं. तिच्या शरीराने या घरजावयाला ओळखलं होतं. कसं ओळखलं तेवढं कळलं की लशीची वाट सापडेल, असं बद्री म्हणायचा. दर दिवाळीला तो तिचं रक्त घेऊन जायचा. मग काय विचारता! साळूबाईच्या रक्तातून गल्लीची लस निघणार, हे आईनेच गल्लीभर करून ठेवलं होतं.

यंदा चैत्रातच नवलकिशोर शेठच्या दुकानात त्याचा फोन आला, लशीच्या कामाला येतोय म्हणून. आईने अर्थ लावला, लस घेऊन येतोय. तो आला तेव्हा शेजारची मालनबाई आणि गल्लीतल्या चार बायका सुजलेले पाय पुढे करून, दंड उघडे टाकून ओसरीवर बसलेल्या. आपापल्या घरी त्यांनीही फोडणी बंद केलेली.

बद्रीचा चेहरा उतरला. "मावशी, लस न्हाई आणली. आईचं रगत न्यायला आल्तो."

"मंग घे की जल्दी," मालनबाई म्हणाली. "त्याच्यातूनच निघणार हाये ना आमची? आम्ही बसतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बद्री आला की आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. आज तिने उषाला पाठवलं होतं. आई बसली होती भिंतीला टेकून, पायांवर गोधडी ओढून. त्या उन्हाळ्यात! पायात काटा गेलाय, म्हणाली होती, आणि मीही ऐकून घेतलं होतं.

"घे बाबा," तिने हात पुढे केला. "यावेळी जास्त घे. काम बराबर होऊ दे."

बद्री आधी पाया पडायला वाकला. आईने पाय आत ओढले, तशी गोधडी सरकली. बाबा धडधाकट समोर बसलेले आणि आईच्या डाव्या पायात जोडवं नव्हतं. माझंही असंच झालं होतं, पहिल्यांदा जोडवंच रुतलं होतं. बद्रीने पावलावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात राहतो तसा.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून. थंडी वाजून ताप येतो, मंग उतरतो." आई ओशाळून हसली. "तुझं काम मोडंल म्हणून बोलले न्हाई रे."

सुई बद्रीच्या हातात तशीच होती. मला आईचा राग आला, बद्रीचा आला, सगळ्यात जास्त त्या न दिसणाऱ्या जंतूचा आला, आणि त्या रागाचं करायचं काय ते कळेना.

उषा कधीची बाही वर करून उभी होती. "मामा, मंग माझी लस?"

त्याने तिची बाही हळूच खाली केली. डोळे काही वर उचलले नाहीत.

मी आत गेले. कढईत तेल घातलं, ते धूर येईपर्यंत तापू दिलं आणि मूठभर मोहरी टाकली. ती तडतडली, तशा ओसरीवरच्या बायका पदर सावरत उठल्या आणि पाय ओढत आपापल्या घरी गेल्या.