माझ्यामुळे विझलेला हिरवा उजेड

मित्रांनो, मी एका जुन्या कुपीतली पांढरी भुकटी आहे. माझं नाव पेप्टाइड. आता तळाशी जेमतेम चिमूटभर उरले आहे, पण आठवणी मात्र भरपूर आहेत.

हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि ठोक्यांची लय टिकते. त्यातल्याच एका दाराच्या तुकड्याची मी नक्कल. यंत्रानं अमिनो आम्लांचे चौदा मणी ओवले आणि मी जन्मले.

माझं काम उलटं. प्रतिपिंड नावाचं द्रव्य ते दार शोधून त्याला चिकटतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली तिथे हिरवा उजेड दिसतो. पण ते भलत्याच कुणाला चिकटलं असेल तर? म्हणून त्याला आधी माझ्याशी गाठ घालून देतात. ते मलाच बिलगून बसलं, की पेशींची काच काळीकुट्ट. तरीही ती हिरवी दिसली, तर ते भलत्यालाच चिकटलंय. काहीच दिसलं नाही, की मी पास!

ज्या संशोधक ताईंनी मला आणलं, त्यांनी दोन वर्षं खपून ते दार एका नव्याच जागी शोधलं होतं. शेवटची परीक्षा माझी. त्यांनी डोळा लावला, आणि काच हिरवीगार! म्हणजे ताईंची दोन वर्षं पाण्यात!

ताईंचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तो एक फोटो वगळ. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना, सर."

सर निघून गेले. हताश होऊन ताईंनी मला कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात काचा धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "थांब गं. प्रतिपिंडाला आणि हिला आधी किती वेळ एकत्र ठेवलं होतंस?"

"ठेवलं कुठे? घाईत दोन्ही एकदमच काचेवर घातली."

"अगं बाई! पाहुणा दारात आला की लगेच जेवायला बसवतेस का? आधी बसू दे, बोलू दे. तीस वर्षं बघतेय मी, सगळ्यांना हीच घाई नडते."

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना एका नळीत तासभर सोडलं. प्रतिपिंडानं मला असं कवटाळलं की सोडायचं नाव नाही! नंतर ताईंनी पाहिलं. मी नसलेल्या काचेवर हिरवा उजेड, आणि माझ्या काचेवर मिट्ट काळोख. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या.

"काय दिसलं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही, मावशी! काही म्हणता काही नाही!"

ताईंनी लगेच माझा बराचसा भाग पाण्यात विरघळवून छोट्या छोट्या नळ्यांत विभागला आणि गारठ्यात ठेवला, म्हणजे पुन्हा पुन्हा गोठून-वितळून माझी ताकद जायला नको. इतक्या मायेनं मला कुणी सांभाळलं नव्हतं. छापून आलेल्या लेखात तो काळा फोटोही आहे. त्याखाली माझा उल्लेख आहे आणि शेवटी मावशींचे आभार.

मित्रांनो, आम्हाला जपून ठेवा. आणि एखादं उत्तर फार आवडलं, तर ते पुसून बघणाऱ्या माझ्यासारख्या परीक्षकालाही तासभर द्या. माझ्या ताईंनी दिला. त्यांचे उपकार मी कसे विसरेन?