खाऱ्या पाण्याची साक्षीदार नळी

मी एक जुनी काचेची नळी आहे. मित्रांनो, नळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी आली असेल, तर तिला तिथेच राहू द्या. माझं पोट फुगीर आहे, मान लांब आणि बारीक आहे, आणि पोटाच्या तळाशी शिशाचे छर्रे भरलेले आहेत. त्यामुळे पाण्यात सोडलं की मी उभी राहते. पाण्यात मीठ भरपूर असेल तर मी मान उंच काढून तरंगते. मीठ कमी झालं की तेवढीच खाली बसते. माझ्या मानेत कागदाची एक गुंडाळी आहे, तिच्यावर रेघा आहेत आणि मध्ये एक हिरवा पट्टा आहे. पाणी त्या पट्ट्याला टेकलं, की समुद्रातल्या माशाला ते घरच्यासारखं वाटतं. मला बोलता येत नाही, फक्त वरखाली होता येतं.

एका कारागिराने मला ज्योतीवर फुंकून घडवलं. तो फार चिकाटीचा माणूस होता. माझं वरचं टोक बंद करण्याआधी त्याने मला मोजून मीठ घातलेल्या पाण्यात उभं केलं, आतली गुंडाळी कणभर वर घेतली, कणभर खाली घेतली, पुन्हा वर घेतली. शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "पुरे आता, जेवायला चला." तो उठला नाही. मनासारखं झालं तेव्हाच त्याने टोक वितळवलं. माझा खरेपणा असा कुणाच्या तरी थंड झालेल्या जेवणातून आला आहे, हे मी विसरत नाही.

पुढे मी ज्या घरी आले, त्या घरातल्या दोघांना अख्खी इमारत काका आणि काकू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. काका दातांच्या कवळ्या करतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं काम चालतं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात आणि नवीन आलेलं लहान मूल ते बघून आईच्या मागे लपतं. समोरच्या खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन आहे. लोक त्यांच्याकडे कपडे उसवून, आखडून, सैल करून घ्यायला येतात. जबडे आणि शिलाई यांच्या मधोमध काचेची मोठी टाकी आहे. तिच्यात समुद्राचं पाणी, म्हणजे मीठ कालवून तयार केलेलं पाणी असतं.

टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं माशांचं एक जोडपं राहतं. त्यातली मादी मोठी आणि तापट, नर लहान आणि गरीब. काका त्यांना बाईसाहेब आणि साहेब म्हणतात. दोघांचं बिऱ्हाड एका समुद्रफुलात आहे. दिसायला ते फूल असलं तरी तोही एक प्राणीच, मऊ बोटांचा. बाईसाहेबांनी अंडी घातली की साहेब दिवसभर पंखांनी वारा घालत बसतात. काका हातातली कवळी ठेवून ते बघायचे आणि काकू म्हणायच्या, "बघून घ्या नीट, शिका काहीतरी."

आता मित्रांनो, खाऱ्या टाकीची एक गोम तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ उडत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं असतं. पण दर आठवड्याला टाकी ताजी ठेवायला बादलीभर जुनं पाणी काढतात, तेव्हा पाण्याबरोबर मीठही बाहेर जातं. त्या वेळी मात्र मिठाचंच पाणी घालायला हवं. काका ही दोन्ही कामं स्वतः करत. पाणी बदललं की मला आधी साध्या पाण्याने धुवायचे, कवळ्यांना चकाकी आणायच्या मऊ फडक्याने पुसायचे आणि मग टाकीत सोडायचे. कुणी पाहुणा असला तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही खोटं बोलत नाही." माझं पोट आधीच फुगीर, ते ऐकून आणखी फुगल्यासारखं वाटायचं.

मग काकांच्या कमरेच्या हाडाने दगा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि त्यानंतर बरेच दिवस बादली उचलायची नाही, अशी ताकीद दिली. काकूंनी स्पष्टच सांगितलं.

"तुम्ही पलंगावर, मी शिलाईवर. ह्यांचं कोण बघणार? मासे दुकानात परत देऊ. चांगल्या घरी जातील."

त्या दिवशी काका जबडे घासत बसले, घासून झालेलेच पुन्हा घासत बसले. शेवटी काकूंनाच राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "टाकी सांभाळणारं मशीन मिळतं म्हणे. ते आणून बघा. त्याला जमलं तर राहू देत मासे. नाही जमलं तर मात्र मला बोल लावायचा नाही." बाईसाहेब आणि साहेब घरात राहणार की जाणार, हे आता एका यंत्राच्या निवडीवर येऊन ठेपलं.

माशांचा दुकानदार दोन खोकी घेऊन घरी आला. त्याचे वरचे दात काकांनीच केलेले होते, त्यामुळे तो काकांपुढे हसताना जरा जपूनच हसायचा. परगावी नोकरी करणारी लेक फोनवर दिसत होती आणि तो फोन प्लास्टरच्या एका जबड्याला टेकवून ठेवला होता.

"बाबा, मोठंच घ्या," लेक म्हणाली. "मला इथून सगळं दिसेल."

"तुला दिसेल गं, पण बटणं मला दाबायची आहेत," काकू म्हणाल्या. "कमी बटणांचं घ्या."

काकांनी दोन्ही यंत्रं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग दुकानदाराला विचारलं, "हे चुकलं तर काय करतं?"

"काका, चुकू नये म्हणून तर यंत्र घ्यायचं."

"माझी कवळीही नीट बसावी म्हणूनच करतो मी. तरी एखादी परत येतेच ना? विचारतोय ते सांग."

दुकानदाराने डोकं खाजवलं. मग नीट सांगितलं. मोठं यंत्र ऊब, दिवा, पाणी, खाणं, मीठ सगळं बघायचं, पण ते अडकलं तर जे चालू असेल ते चालूच राहायचं. पाणी तापवणारी दांडी चालू असली तर तीही. लहान यंत्रात ऊब मोजणाऱ्या दोन तारा होत्या. दोघींचं पटलं नाही तर ते दांडी बंद करायचं आणि शिट्टी वाजवायचं. उडालेलं पाणीही ते स्वतःच भरायचं, शेजारी ठेवलेल्या कॅनमधून. मीठ मात्र त्याला कळत नव्हतं. मीठ मोजणारी दांडी वेगळी घ्यावी लागली असती.

"शंका आली की हात आवरतं. मला असंच हवं," काका म्हणाले. त्यांनी लहान यंत्र टाकीजवळ ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि मिठासाठी ही आहेच."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं. पण मित्रांनो, "ही आहेच" असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्याकडेच पुढे कुणी बघत नाही. यंत्र भिंतीवर चढलं. त्याचा हिरवा दिवा लागला. ऊब बरोबर, पाणी बरोबर, असे निरोप काकांच्या आणि लेकीच्या फोनवर जाऊ लागले. घरी येणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करू लागला. मी टाकीच्या झाकणावर आडवी पडून होते. पाण्याचे तुषार उडायचे, वाळायचे, आणि माझ्या अंगावर मिठाचे पांढरे थर बसत चालले. मला त्या दिव्याचा हेवा वाटायचा.

काकांचं ऑपरेशन नीट झालं. ते आतल्या खोलीत पलंगावर होते. पाणी बदलायचा दिवस आला, तेव्हा त्यांनी आतूनच काकूंना एकेक पायरी सांगितली. काकूंनी मिठाचं पाणी बादलीत कालवून ठेवलं, रबरी पाइप लावून टाकीतलं जुनं पाणी काढलं, एवढ्यात बेल वाजली. एक बाई लग्नाचा ड्रेस घट्ट झाला म्हणून रडकुंडीला येऊन उभ्या होत्या. काकू माप घ्यायला गेल्या.

इकडे यंत्राला दिसलं की टाकीतलं पाणी खाली गेलंय. बिचाऱ्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. पाणी उडालं असं समजून त्याने कॅनमधलं साधं पाणी टाकीत सोडलं, थेट नेहमीच्या पातळीपर्यंत. पाणी बदलायच्या आधी त्याचा खटका बंद करायचा असतो, हे काका सांगायला विसरले होते. मी झाकणावरून सगळं बघत होते. काही करता येत नव्हतं.

काकू परत आल्या तर टाकी भरलेली आणि मिठाची बादली जशीच्या तशी.

"अहो, टाकी आपोआप भरली," त्यांनी आत जाऊन सांगितलं.

काका औषधाच्या गुंगीत होते. "मशीनने भरली असेल. त्यासाठीच तर आणलंय," ते म्हणाले.

काकूंचा जीव भांड्यात पडला. बादली उचलायचं कामच उरलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुनं पाणी काढलं आणि निवांत शिवायला बसल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. दर वेळी मीठ बाहेर जात होतं आणि साधं पाणी आत येत होतं. फोनवर मात्र सगळं हिरवं. लेक म्हणाली, "बघा, सांगत नव्हते मी?"

आधी टाकीतल्या छोट्या गोगलगायी मेल्या. मग समुद्रफूल आखडलं. त्याची बोटं आत ओढली गेली आणि ते मुठीएवढं होऊन खडकाला चिकटून राहिलं. बाईसाहेबांना आत शिरायला जागा उरली नाही, त्या कोपऱ्यात पाण्याच्या प्रवाहाशी झगडत राहायच्या. काकू शिलाई थांबवून टाकीसमोर उभ्या राहू लागल्या. त्यांनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सगळे आकडे बरोबर आहेत ना? मग रुसलं असेल, खुलेल."

काकूंचं समाधान झालं नाही. काका काय काय करायचे ते त्या आठवू लागल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलून टाकीत सोडलं. मी खाली बसले. हिरवा पट्टा पाण्याखाली बुडाला, अगदी स्पष्ट. मी आयुष्यात इतक्या जोराने काही सांगितलं नव्हतं.

"अहो, ती नळी बुडतेय," काकूंनी आत जाऊन सांगितलं. "पट्टा दिसतच नाही."

"दाखव बरं." काकांनी मला हातात घेतलं आणि नखाने खरवडलं. "मिठाने माखलीय सगळी. जड झालीय, म्हणून बुडते. आता ती कामाची राहिली नाही. टाकून दे."

मित्रांनो, हे शब्द ज्याने मला खरी म्हटलं होतं त्याच माणसाचे होते. आणि वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. माझ्यावर थर होते, त्यांचं वजन होतं. मी खरं सांगत होते, पण मळलेल्या तोंडाने. मला फार रडू आलं असतं, पण माझं तोंड त्या कारागिरानेच बंद करून ठेवलंय.

काकू मला घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी गेल्या. तिथे थांबल्या. एखादा कपडा वाईट बसतो तेव्हा तो फेकण्याआधी एकदा धुऊन, इस्त्री करून बघायचा, ही त्यांची सवय. त्यांनी मला कोमट पाण्यात भिजवलं, थोडं व्हिनेगर लावलं, थर विरघळेपर्यंत वाट पाहिली, आणि मऊ कापडाच्या तुकड्याने मानेपासून पोटापर्यंत पुसलं. मग पुन्हा टाकीत सोडलं.

मी जराशी वर आले. पण हिरव्या पट्ट्यापर्यंत नाही, त्याच्या जवळपासही नाही.

"धुतली हिला, स्वच्छ पुसली," काकू दारात उभं राहून म्हणाल्या. "तरी बुडतेय."

काकांनी विचारलं, "तू पाणी काढतेस, त्यानंतर बादलीतलं मिठाचं पाणी घालतेस ना?"

"ते कशाला? मशीन भरतं की."

"कॅनमध्ये कुठलं पाणी असतं?"

"साधं. तुम्हीच सांगितलं होतं."

काकांनी कपाळाला हात लावला. "चूक तुझी नाही," ते म्हणाले. "खटका बंद करायचं मी सांगितलंच नाही. आणि टाकी आपोआप भरली असं तू मला सांगितलंस, तेव्हा मी ऐकूनही ऐकलं नाही."

मीठ घाईने वाढवलं असतं तर मासे दगावले असते. म्हणून यंत्राच्या कॅनमध्येच काही दिवस मिठाचं पाणी भरलं. यंत्र तेही निमूटपणे थेंब थेंब सोडत राहिलं, त्याचा कुणाशी दावा नव्हता. मी रोज पाण्यात उतरायचे आणि रोज केसाएवढी वर यायचे. पट्टा पाण्याला टेकला, त्यानंतरही समुद्रफूल लगेच उघडलं नाही. काकूंनी आशा सोडली होती. मग एका दुपारी त्याची बोटं एकेक करून बाहेर आली, पूर्वीपेक्षा थोडी आखूड, आणि बाईसाहेब इतक्या जोरात आत घुसल्या की साहेब बाजूला फेकले गेले.

काका वॉकर धरून पहिल्यांदा बाहेर आले, ते टाकीपाशीच. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आता ती मीठ मोजणारी दांडी घेऊनच टाका."

"घेऊ," काका म्हणाले. "पण ती बरोबर सांगतेय का, हे हिलाच विचारायचं." त्यांनी मला फडक्यात घेतलं. "टाकून दे म्हणालो होतो मी हिला."

"मी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. "ऐकते कधी?"

मित्रांनो, त्या यंत्रावर माझा आता राग नाही. ते घरात आलं म्हणून मासे घरात राहिले. त्याला कळत नाही ते विचारायला कुणीतरी हवं, एवढंच. आणि त्या दिवशी काकूंनी मला धुतलं नसतं, तर मी खरं सांगत असतानाच कचऱ्यात गेले असते, आणि पाण्यात काय चाललंय हे त्या घराला कधीच कळलं नसतं. तुमच्याही घरात कुणी जुनं असेल, अंगावर थर साचलेलं, जे सांगतं ते पटत नाही असं. त्याला टाकण्याआधी एकदा स्वच्छ पुसा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. मग त्याचं ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.